उपडं माप

तीन ओंजळी मका उरला. एल्मेरनं पुन्हा मोजून पाहिलं, पुन्हा तीनच ओंजळी. भांडारातून आणलेलं माप त्यानं काठोकाठ भरलं होतं आणि ते ताताच्या मापात ओतलं होतं. ताताचं माप भरून सांडायला लागलं तरी भांडाराच्या मापाच्या तळाशी दाणे होतेच. बाहेरून पाहिलं तर दोन्ही पेट्या सारख्या. तीच रुंदी, तीच उंची, तेच देवदाराचं लाकूड.

"आत्या, ताताचं माप म्हातारपणी आकसलं की काय?" तो हसून म्हणाला. "तुझ्यासारखं?"

चुलीपाशी दोचा मोंतुका बांधत होती. कणसाच्या सालीत ओल्या मक्याचं वाटण भरायचं, मध्ये डुकराच्या मांसाचा तुकडा ठेवायचा आणि वरून गाठ मारायची. उद्याच्या उपकारस्तुतीला दीडशे लागणार होत्या, ती नव्वदावर पोचली होती. तिनं मागं वळून पाहिलं आणि हातातली मोंतुका सुटून राखेत पडली.

"ते खाली कुणी काढलं?"

"मी. तू ओढ्यावर गेली होतीस ना."

"ठेव परत. उपडं ठेव."

"अगं, पण उद्या तर..."

"उपडं ठेव म्हणाले ना, गाढवा!"

एल्मेर चाळिशीचा होता, सहकारी भांडाराचा व्यवस्थापक, दोन मुलींचा बाप. आत्यानं त्याला गाढव म्हटल्याला पंचवीस वर्षं तरी झाली असतील. त्यानं माप खाली ठेवलं नाही. उलट कडेवर घेतल्यासारखं धरलं आणि तिच्याकडं पाहत राहिला.

आमच्या डोंगरात या मापाला अल्मुद म्हणतात आणि तो घरोघरी असतो. पण दोचाच्या, म्हणजे मानुएलेसांच्या, घरातला अल्मुद सत्तर वर्षांत कुणी भरलेला पाहिला नव्हता. तो भरण्यासाठी नव्हताच. ताता तिबुर्सिओ, म्हणजे दोचाचा बाप, गावातला पहिला शुभवर्तमान सांगणारा. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. मिशनऱ्यानं वाचून दाखवलेलं तो पाठ करी, आणि विसरू नये म्हणून घरातल्या एकेका वस्तूला एकेक वचन बांधून ठेवी. झाडू म्हणजे हरवलेलं नाणं शोधणारी बाई. सुई म्हणजे तिच्या नेढ्यातून न जाणारा उंट, जो आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिला नव्हता. खमीर म्हणजे स्वर्गाचं राज्य. घरात मीठ सांडलं की अर्धा तास प्रवचन चाले, म्हणून मानुएलेसांच्या घरात कुणी मीठ सांडत नसे. मरताना त्यानं या वस्तू मुलांत वाटल्या. प्रिसिलाला झाडू मिळाला. तो घेऊन ती सान पेद्रो शहरात गेली आणि हरवलेलं नाणं शोधत तिकडंच राहिली, असं तिचा भाऊ म्हणतो. त्या भावाला, नोल्बेर्तोला, दिवा मिळाला. थोरल्या दोचाला माप.

आणि दरवर्षी मका घरी आल्यावर पहिल्या रविवारी, उपकारस्तुतीला, प्रार्थनाघरात हे माप मेजावर उपडं ठेवायचं, त्यावर दिवा लावायचा, आणि नोल्बेर्तोनं बापाच्याच शब्दांत विचारायचं, की दिवा काय मापाखाली लपवायला आणतात? मग सगळ्यांनी आमेन म्हणायचं. आमच्या मुलांना शाळेत जायच्या आधी हे येतं.

यंदा सत्तरावं वर्ष. खालच्या खोऱ्यात पुरानं दोन वाड्या वाहून गेल्या होत्या. एल्मेरनं सुचवलं, की यंदा ताताचं माप सुलटं करू, त्यानंच प्रत्येक घराचा मका मापू आणि पूरग्रस्तांना पाठवू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोचा तीन आठवडे नाही म्हणत होती. आधी म्हणाली, वाळवी लागलीय. मग म्हणाली, फटी पडल्यात. मग म्हणाली, आपली रीत मोडू नये. एकोणऐंशी वर्षांची म्हातारी, हट्टी. लोकांनी सोडून दिलं.

एल्मेरनं मापाच्या आत बोटानं टकटक केली. मग भांडाराच्या मापात केली. आवाज वेगळा आला. त्यानं खिशातला चाकू काढला आणि आतल्या कोपऱ्यात सरकवला.

"नको रे," दोचा म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "एल्मेर, नको."

फळी उचकटून वर आली. पाइनची, तीन बोटं जाडीची. करवतीच्या खुणा अजून ताज्या होत्या, कारण त्यांना कधी ऊन लागलंच नव्हतं. तिच्याखाली मापाचा खरा तळ होता, देवदाराचा, लालसर.

त्याच वेळी एल्मेरची आई दिल्सिया कणसाच्या सालींची टोपली घेऊन आत आली. "काय मोडलं?" तिनं विचारलं.

 तिनं फळी पाहिली, पेटी पाहिली, जमिनीवर सांडलेला मका पाहिला. दिल्सियाला उशिरा समजतं असं तिच्या सासरी सगळे म्हणतात. ते खरं नाही. ती फक्त उशिरा बोलते.

"तळावर अजून एक तळ कशाला?"

"आईनं बसवली," दोचा म्हणाली.

"कधी?"

"भुकेच्या वर्षी."

दिल्सियानं टोपली खाली ठेवली. ती बेहारानोंची मुलगी. भुकेच्या वर्षाबद्दल बेहारानोंच्या घरात फारसं बोलत नसत, पण तिचा बाप कासिमिरो चौऱ्यांशी वर्षांचा झाला तरी पानात दाणा टाकत नव्हता, आणि वर्षातून एकदा टेकडीवर जाऊन एका लहान कबरीभोवतीचं गवत काढत होता. आता त्याला दिसत नाही, म्हणून हातानं चाचपून काढतो. त्याची धाकटी बहीण एर्मेलिंदा तिथं आहे. चार वर्षांची होती.

"सांगा, वन्सं," दिल्सिया म्हणाली आणि पाटावर बसली. "नीट सांगा."

"मिशननं खेचरांवरून मका पाठवला होता. दर शनिवारी घरटी एक माप. सत्तावीस घरं. ताता मापायचा आणि मी वरून पट्टी फिरवायचे, शीग राहू नये म्हणून. नऊ वर्षांची होते. पहिल्या आठवड्यानंतर आईनं एक दिवस मला फळी धरायला बसवलं आणि करवत चालवली. म्हणाली, ताताला सांगशील तर जीभ उपटीन. मापाच्या आत सारखा दाण्यांचा धुरळा असायचा. मापताना ताताला काही कळलं नाही."

"आणि उरलेला मका?"

"पोत्यांच्या तळाशी राहायचा. झटकायला म्हणून आई पोती घरात न्यायची."

एल्मेरनं मनात हिशेब केला, सवयच त्याला. सत्तावीस गुणिले तीन. मग तो हिशेब त्यानं अर्ध्यावर सोडून दिला, कारण आई त्याच्याकडं बघत होती.

"म्हणजे ताताला शेवटपर्यंत माहीत नव्हतं," तो घाईनं म्हणाला. "मग ताताचा काय दोष?"

"त्याला कळलं," दोचा म्हणाली. तिनं दिल्सियाकडं पाहिलं आणि पुन्हा चुलीकडं. "तुझी आत्या, एर्मेलिंदा, गेली तेव्हा. तुझे आजोबा रात्रभर रडले आणि सकाळी ताताकडं आले, शवपेटी करून दे म्हणाले. ताताकडं दारासाठी जपून ठेवलेली एक फळी होती. तीच काढू म्हणाला. माळ्यावरून खाली घेतली तर तिचा एक चौकोन कापलेला. त्यानं आईला विचारलं, इथला तुकडा कुठाय? आईची नजर मापाकडं गेली. मग तो मापाकडं गेला. मी तिथंच होते, दिल्सिया. त्यानं आत हात घातला, आणि खूप वेळ बाहेर काढला नाही."

चुलीवरचं पाणी उकळून झाकण वाजायला लागलं. ते काढायला कुणी उठलं नाही.

"पेटी कशाची केली मग?"

"त्याच फळीची. ती जेमतेम पुरली. लहान होती ना ती."

दिल्सियानं कमरेचं फडकं सोडलं, घडी केली आणि पाटावर ठेवलं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. या चुलीपुढं तिनं बसून खाल्लं होतं, तीन बाळंतपणं काढली होती, या बाईला न्हाऊ घातलं होतं. तिला आता काय वाटत होतं ते राग म्हणावं एवढं सोपं नव्हतं. तिला आपल्या तोंडातल्या घासांची शिसारी आली, मागं जाऊन सगळ्या घासांची.

"उद्या तुम्ही सांगणार की मी सांगू?" तिनं विचारलं.

"मी सांगेन," दोचा म्हणाली.

"थांबा, थांबा," एल्मेर मध्ये पडला. "उद्या नको. उद्या पुराचा मका गोळा करायचाय. हे ऐकून लोक देतील? मापावरचा भरवसा उडाला की संपलं."

"काल तूच म्हणत होतास, लोकांना खरं माप दिसलं पाहिजे."

"ते भांडारातलं, आई."

"हो, ताताचं नव्हे," दिल्सिया म्हणाली आणि उठून अंगणात गेली. धुण्याच्या दगडापाशी ती उभी राहिली. समोर डोंगरावर तिच्या माहेरचं छप्पर दिसत होतं. आत्ता चालत गेलं तर अर्ध्या तासात पोचता आलं असतं. ती गेली नाही.

---

नोल्बेर्तो प्रार्थनाघरात दिव्याची काच पुसत होता. ते काम तो कुणाला देत नसे. राख आणि लिंबू, मग मऊ कापड, मग तोंडाची वाफ. एकाहत्तरावं चालू होतं, पण हात स्थिर होते आणि त्याचा त्याला अभिमान होता. दारातून बहीण, बायको आणि मुलगा एकत्र येताना पाहून त्याला वाटलं, कुणीतरी गेलं.

एल्मेरनं फळी बाकावर ठेवली. दोचानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तिला शब्द कमी लागले.

"आईनं केलं," नोल्बेर्तो शेवटी म्हणाला. "पोरांसाठी केलं. देव बघून घेईल तिचं. ताताला का ओढतेस यात?"

"ताता दुसऱ्या दिवशी लोकांपुढं बोलणार होता. आई त्याच्या पाया पडली. म्हणाली, आपल्याला गावातून काढतील, आणि आत्ताच कुठं चार लोक तुझ्या प्रार्थनेला यायला लागलेत, तेही जातील. तो बोलला नाही. पुढं मका पिकला. पहिल्या उपकारस्तुतीला लोक म्हणाले, माप आण, देवाचा वाटा मापू. आता कसं आणायचं? फळी काढली असती तर खुणा दिसल्या असत्या. म्हणून त्यानं ते उपडं आणलं."

"शिकवण म्हणून आणलं! दिवा मापावर ठेवायचा म्हणून!"

"झाकण म्हणून आणलं, नोल्बेर्तो. दिवा वर असला की माप कुणी उचलून बघत नाही. शिकवण त्याला वाटेत सुचली."

नोल्बेर्तोनं काच खाली ठेवली. काच फुटेल अशी त्याला भीती वाटली. हीच त्याची सगळी मिळकत होती. जमीन त्यानं विकली होती, पोरगा शिकला होता, पण गावात त्याला मान होता तो या दिव्याचा. चाळीस वर्षं तो हे वचन सांगत होता. पाठ्यक्रम करून आलेल्या पाळकांनाही त्याच्यासारखं सांगता येत नसे.

"अक्का, तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"ताता म्हणाला होता, हे कुणाला भरू देऊ नकोस. मी तेवढंच धरून बसले. तू कधी पुढचं वाचलंस का रे? दिव्याच्या पुढचं?"

"शंभर वेळा वाचलंय."

"उपकारस्तुतीला?"

 उपकारस्तुतीला तो तिथंच थांबे, जिथं ताता थांबायचा. बापाला तेवढंच पाठ होतं असं तो समजत आला होता. पण ताताला अख्खे अध्याय पाठ होते. नोल्बेर्तोनं मेजावरचं पुस्तक उघडलं नाही, त्याला गरज नव्हती. दिव्याच्या लगेच पुढं येतं, की झाकलेलं असं काही नाही जे उघडकीला येणार नाही. आणि त्याच्याही पुढं, दोन श्वासांवर, येतं की ज्या मापानं तुम्ही मापाल त्याच मापानं तुम्हाला मापलं जाईल. दिवा, झाकलेलं आणि माप, एका ओळीत बसलेले. ताता दरवर्षी पहिल्यापाशी थांबे, डोळे मिटे, आणि लोकांना वाटे की तो प्रार्थना करतोय.

"त्या उरलेल्या मक्याचं काय केलं आईनं?" त्यानं विचारलं. "विकला?"

"विकला असता तर मला इतकं जड गेलं नसतं," दोचा म्हणाली. "पेज केली. आम्हा मोठ्यांना नाही, आम्ही मुळं खात होतो. आईचं दूध आटलं होतं. तू वर्षाचा होतास."

दिल्सियानं हळूच श्वास घेतला. एल्मेर खिडकीकडं वळला.

"हे तू मला कशाला सांगितलंस?" नोल्बेर्तो ओरडला. प्रार्थनाघरात तो कधी ओरडला नव्हता. "काय करू मी आता याचं? ओकून टाकू? सत्तर वर्षांनी?"

"विचारलंस म्हणून."

"उद्या दिवा नेहमीसारखा लागेल. फळी चुलीत घाल. ऐकतेस का? दोन म्हाताऱ्या मेलेल्या माणसांची इज्जत मी चव्हाट्यावर मांडणार नाही."

"मलाही तसंच वाटतं, आत्या," एल्मेर म्हणाला. "भांडाराचं माप वापरू. पुराच्या लोकांना मका मिळेल. कुणाचं काही बिघडणार नाही."

दोघांनी दिल्सियाकडं पाहिलं. ती नेहमीप्रमाणं उशिरा बोलली.

"मघाशी मी म्हणाले, सांगायचंच. पण माझा बाप चौऱ्यांशी वर्षांचा आहे. तो समजतो, ती देवाच्या इच्छेनं गेली. तेवढ्यावर त्यानं जन्म काढलाय. वन्सं, तुमचा जीव हलका होईल. त्याचं काय?"

 तीन माणसं एका बाजूला आणि दोचा एका बाजूला. दिल्सियाचं बोलणं तिला सर्वांत जास्त लागलं, कारण ते खरं होतं. तिनं बाकावरची फळी उचलून छातीशी धरली.

"दिवा तुझा आहे, नोल्बेर्तो," ती म्हणाली. "तातानं तुला दिला. तो तू कुठंही ठेव. माप मला दिलंय. ते मी ठेवीन तसं राहील."

---

रविवारी प्रार्थनाघर भरलं होतं. बाकांच्या मधल्या वाटेत पोती ओळीनं उभी होती, प्रत्येकावर घराच्या नावाची चिठ्ठी. पोरं मोंतुकांच्या वासानं अस्वस्थ झाली होती. पहिल्या बाकावर कासिमिरो बेहारानो बसला होता, गुडघ्यांमध्ये काठी, टोपी मांडीवर, डोळे दाराच्या उजेडाकडं. त्याच्याशेजारी दिल्सिया. ती सकाळपासून दोचाशी बोलली नव्हती आणि नवऱ्याशीही बोलली नव्हती.

मेजावर माप सुलटं ठेवलेलं होतं. फळी दोचानं पहाटे पुन्हा आत बसवली होती, होती तशीच. वाटेत दोघीतिघींनी विचारलं, "आज भरायचं ना, दोचा?" ती नुसती हो म्हणाली.  तिला वाटत होतं, आपण पडू, आणि मग लोक म्हणतील म्हातारी भ्रमली होती.

गीत संपलं. नोल्बेर्तो पेटलेला दिवा घेऊन आला. मेजापाशी येऊन त्यानं सुलटं माप पाहिलं आणि तो थांबला. दिवा मापावर ठेवता येईना. आत ठेवला असता तर ज्योत बुडाली असती. तो दिवा हातात धरून उभा राहिला आणि काच तापत चालली. लोकांना वाटलं, विसरला. कुणीतरी खोकलं. एल्मेर अर्धवट उठला, बापाच्या हातून दिवा घ्यावा की माप उलटं करावं हे त्याला ठरवता येईना.

नोल्बेर्तोनं बहिणीकडं पाहिलं. मग त्यानं दिवा मेजाच्या कोपऱ्यावर, मापाच्या शेजारी ठेवला आणि वचन म्हणायला सुरुवात केली. दिव्यापाशी आला. लोकांनी आमेन म्हणायला तोंडं उघडली. तो थांबला नाही. झाकलेलं उघडकीला येईल, ते म्हणाला. मग मापाचं म्हणाला. इतकं हळू, की मागच्यांना ऐकू गेलं नसावं. आणि मग म्हणाला, "माझी बहीण काहीतरी सांगणार आहे. तिचं झालं की मला विचारा, तो मका कुणी खाल्ला. मी खाल्ला."

दोचा उठली. तिनं काल दोनदा सांगितलं होतं, तरी आता शब्द जागेवर नव्हते. करवत आधी आली, मग खेचरं, मग शनिवार. सत्तावीस घरं ती एकामागून एक म्हणाली, आणि ज्यांची नावं आली त्यांची नातवंडं समोर बसली होती.   फळीच्या कापलेल्या चौकोनापर्यंत आली तेव्हा दिल्सियानं बापाच्या दंडाला धरलं.

दोचाचं बोलणं संपलं. 

"पेटी आण इकडं," कासिमिरो म्हणाला.

एल्मेरनं माप उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. म्हाताऱ्यानं आत हात घातला, तळ चाचपला, कोपरा सापडला, फळी वर काढली. तिची जाडी त्यानं बोटांनी मोजली. एक, दोन, तीन. पुन्हा मोजली.

"एवढंच?" तो म्हणाला. कुणाला ते कळलं नाही, प्रश्न आहे की काय.

"कासिमिरोदादा, मला माफ करा," दोचा म्हणाली. "पट्टी माझ्या हातात होती. मला माहीत होतं."

"मी कशाला माफ करू? मी जगलो. मला पोरंबाळं झाली, तुमच्या घरात मी मुलगी दिली." तो रागानं बोलत नव्हता, आणि रागानं बोलला असता तर दोचाला सोपं गेलं असतं. "माफ करायचं तर तिनं. आणि ती अजून चार वर्षांची आहे. तिला यातलं काय समजणार?"

दिल्सिया रडत होती. नोल्बेर्तो मेजाला धरून उभा होता, मान खाली घालून, एखाद्या शिक्षा झालेल्या माणसासारखा. एल्मेरनं पोत्यांच्या ओळीकडं पाहिलं. कुणी आपलं पोतं उचलून जात नव्हतं. पण कुणी पुढंही येत नव्हतं.

"बाबा, घरी जाऊ या का?" दिल्सियानं विचारलं.

"नाही." म्हाताऱ्यानं काठी जमिनीवर टेकवली पण तो उठला नाही. "दोचा, आहेस का तिथं?"

"आहे."

"दरवर्षी इथं तिबुर्सिओचं नाव घेता. मिशनऱ्याचं घेता. मका आणणाऱ्या खेचरवाल्याचंसुद्धा घेता, देवानं त्याचं भलं करो. तिचं कधी कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही, मला वाटायचं देवाला वाईट वाटेल. तू घे."

"मी?"

"तूच. उभी राहून घे, मोठ्यानं. मागच्या बाकांना ऐकू गेलं पाहिजे."

  दोचानं फडक्यानं तोंड पुसलं आणि दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले.

"एर्मेलिंदा," ती म्हणाली.

"पूर्ण घे."

"एर्मेलिंदा बेहारानो मेंदेस," दोचा मोठ्यानं म्हणाली. "वय चार वर्षं. आमच्या मापानं गेली."